सरहद्दीवरचे नियम कडक केले की आश्रय मागणाऱ्यांचं नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की, ज्याचा जीव खरोखर धोक्यात आहे तो रीतसर नाक्यावर येऊन आश्रय मागू शकतो, मग कडक नियमांची त्याला भीती कशाला? मी टेक्सासमध्ये राहते. असायलमच्या, म्हणजे आश्रयाच्या, काही केसेसमध्ये फोनवरून हिंदी दुभाषी म्हणून मदत केली आहे. त्यामुळे अमेरिका-मेक्सिको सरहद्दीपुरतं सांगते.

कडक धोरणाचा पहिला फटका त्या रीतसर नाक्यालाच बसतो. 2018 मध्ये मेक्सिकोच्या तिहुआना शहरातून सरहद्दीच्या नाक्यावर गेलेल्यांना अमेरिकी अधिकारी 'आज जागा नाही' म्हणून माघारी पाठवायचे. तिथल्या चौकात एक वही असायची, तीही आश्रय मागणारेच सांभाळायचे. वहीत नाव घालायचं, नंबर घ्यायचा आणि रोज सकाळी पुकारा ऐकायला उभं राहायचं. असे महिने जायचे.

जानेवारी 2019 पासून तर, अर्ज घेतला तरी निकाल लागेपर्यंत मेक्सिकोतच थांबा, असा नियम आला. सुमारे 70 हजार माणसं अशी परत धाडली गेली. कोर्टाची तारीख असली की पहाटे, काही ठिकाणी साडेचारलाच, सरहद्दीच्या पुलावर हजर व्हायचं. तेही लेकरं घेऊन, अंधारात, आणि अशा शहरांत जिथे अपहरण करणाऱ्या टोळ्या याच लोकांवर टपून असतात. पोचता आलं नाही की गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम. वकील सरहद्दीच्या नदीच्या अलीकडे अमेरिकेत, अशील पलीकडे, त्यामुळे बहुतेकांना वकील मिळालाच नाही. वकील नसणं म्हणजे काय, हे मी फोनवर ऐकलंय. घाबरलेला माणूस आपली हकीकत सरळ सांगत नाही. मारहाणीचा महिना चुकतो, भावाचं नाव दोनदा येतं, मधेच गप्प होतो. ते धागे जुळवणारं कोणी नसलं की कागदावर तो खोटारडा ठरतो.

काही जण मग नाका सोडून वाळवंटाची वाट धरतात. जून 2019 मध्ये ॲरिझोनात पंजाबची सहा वर्षांची मुलगी मरण पावली. दलालांनी तिला आणि तिच्या आईला सरहद्दीवर सोडलं होतं, तापमान 42 अंशांच्या आसपास. आई पाणी शोधायला गेली आणि लेकीपर्यंत परत पोचू शकली नाही. लुकव्हिलचा अधिकृत नाका तिथून सुमारे 27 किलोमीटरवर होता. हे अंतर माझ्या डोक्यातून जात नाही.

'ते बेकायदा घुसले' असं तुम्ही पुढे लिहिलंय. अमेरिकेच्याच कायद्यात लिहिलंय की देशात पोचलेला माणूस आश्रयाचा अर्ज करू शकतो, मग तो नाक्यावरून आलेला असो वा नसो. अर्ज केला म्हणजे आश्रय मिळाला असं नाही. पुरावे बघून नाकारताही येतो, आणि पुष्कळांचा नाकारला जातोच. मला खुपतं ते त्याआधीचं, म्हणणं ऐकूनच न घेणं. पुढे मोबाइल ॲपवरून नाक्याची वेळ घ्यायची सोय झाली. 20 जानेवारी 2025 रोजी ती बंद करून आधी दिलेल्या सुमारे 30 हजार वेळाही रद्द केल्या. ही सगळी नियम पाळून थांबलेली माणसं होती.