'इम्प्रूव्ह'मधलं 'प्रूव्ह' कुठून आलं?

प्रश्न असा आहे: 'इम्पॉसिबल'मधला 'इम्' नकार दाखवतो, तर 'इम्प्रूव्ह'चा अर्थ 'सिद्ध न होणे' असा का नाही?

शंका रास्त आहे. पण इथला 'इम्' नकाराचा नाही, आणि 'प्रूव्ह'ही 'सिद्ध करणे'वालं नाही. हा 'इम्' 'इम्प्रिझन'मधला: आत घालणे, त्या स्थितीला आणणे. पुढे मुळात होतं जुन्या फ्रेंचमधलं 'प्रू', म्हणजे नफा. नफ्यात आणणे ते 'इम्प्रूव्ह'. इंग्रजीत आल्यावर 'प्रूव्ह', 'अप्रूव्ह' यांच्या संगतीनं त्याला शेवटचा 'व्ह' चिकटला.

या 'प्रू'च्या जन्माची गंमत सांगायलाच हवी. लॅटिनमध्ये 'प्रोदेस्त' म्हणजे 'उपयोगी पडतं'. 'प्रो' आपल्या 'प्र'चा भाऊबंद, 'एस्त' आपल्या 'अस्ति'चा. पुढे लोक तो शब्द 'प्रोदे एस्त' असा तोडू लागले आणि त्या तुकड्याचाच 'फायदा' या अर्थाचा स्वतंत्र शब्द झाला. 'प्राउड' त्याच घरातला.

इंग्रजीतही आधी अर्थ पैशाचाच होता, विशेषतः जमिनीच्या उत्पन्नाचा. पड रानाला कुंपण घालून ते वहितीखाली आणणं म्हणजे 'इम्प्रूव्हमेंट'. इंग्लंडात १२३५ च्या मर्टनच्या कायद्यानं जमीनदारांना गायरान असं बंदिस्त करायची मुभा दिली. अट एवढीच, की चराईचा हक्क असलेल्यांना पुरेसं कुरण उरावं. नुसतं 'चांगलं करणे' हा अर्थ सतराव्या शतकात रुळला. म्हणून 'सुधारणे' हा प्रतिशब्द मला अर्धाच वाटतो. त्यात नफा कुठे दिसतो?

आपल्याकडे हा शब्द आला तो जमिनीला धरूनच. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याखाली शेतकऱ्याला विहिरीसाठी, बांधबंदिस्तीसाठी तगाई मिळे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढणं हे त्याचं काम. नागपुरात त्याच जातीच्या संस्थेचं मराठी नाव 'सुधार प्रन्यास', बोलताना 'नासुप्र'. मुंबईत ट्रस्ट केव्हाच गेला, पण त्यानं बांधलेल्या चाळींना लोक अजून 'बीआयटी चाळ' म्हणतात. त्यातला 'आय' तो हाच.