चौघांच्या कुटुंबाला महिन्याचा किराणा किती लागतो?

आधी ‘किराणा’ म्हणजे काय ते ठरवा. कुणी फक्त वाण्याची यादी धरतो, तर कुणी दूध, भाजी, फळं, अंडी-मटणही त्यात घालतो. म्हणूनच एक जण पाच हजार सांगतो, दुसरा पंधरा.

सगळं खाणंपिणं धरायचं तर सरकारी आकडे आहेत. २०२३-२४ च्या घरगुती खर्च पाहणीत देशाच्या शहरी भागात माणशी महिन्याला सरासरी ६,९९६ रुपये खर्च दिसला, त्यातला जवळपास ४० टक्के खाण्यावर. म्हणजे चौघांचे साधारण ११ हजार. खेड्यात माणशी ४,१२२, त्यातले ४७ टक्के; चौघांचे पावणेआठ हजारांच्या आसपास. त्यानंतर भाव वाढलेत, ते धरा. शिवाय ही देशाची सरासरी. मुंबई-पुण्यात जास्तच लागतं.

गंमत म्हणजे खाण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा धान्याचा नाही, तर चहापाणी, बिस्किटं-फरसाण आणि बाहेरच्या खाण्याचा. आमच्या घरीही यादीला कात्री लावून काही वाचलं नाही. दर दोन दिवसांनी ‘सहज’ दुकानात जाणं थांबवलं तेव्हा फरक पडला. दिवाळीच्या महिन्याचा हिशोब मात्र वेगळा ठेवा. तेल, बेसन, साखर, सुकामेवा.