ब्रिटनमध्ये बिझनेस मॅनेजमेंटची पदवी घेताना प्लेसमेंट वर्षाचा अभ्यासक्रम निवडावा का?

खर्च पेलणार असेल तर निवडावा, असे माझे मत आहे. बाथ, अ‍ॅस्टन, लफबरो, सरे अशा विद्यापीठांत हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. दुसरे वर्ष संपल्यावर विद्यार्थी साधारण वर्षभर एखाद्या कंपनीत पूर्णवेळ, बहुधा पगारी काम करतो आणि शेवटच्या वर्षासाठी विद्यापीठात परततो. त्या वर्षाची फी नेहमीच्या फीपेक्षा बरीच कमी असते, मात्र परदेशी विद्यार्थ्यांना ती नेमकी किती पडेल हे विद्यापीठाला आधीच विचारावे.

खरी मेख वेगळी आहे. विद्यापीठ बायोडाटा तपासून देते, मुलाखतीचा सराव करून घेते, पण जागा हातात आणून देत नाही. मोठ्या कंपन्यांचे अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून निघतात. ऑनलाइन चाचण्या, मुलाखत आणि गटकार्य अशा चाळण्यांतून जावे लागते. जागा मिळालीच नाही, तर सहसा तीन वर्षांच्या पदवीकडे वळता येते.

व्हिसाच्या दृष्टीने प्रवेश घेतानाच चार वर्षांचा पर्याय निवडणे सोयीचे. सत्रकाळात आठवड्याला २० तासांची कामाची मर्यादा पदवीचाच भाग असलेल्या प्लेसमेंटला लागू होत नाही. परंतु तीन वर्षांच्या व्हिसावर जाऊन नंतर हे वर्ष जोडल्यास मुदतवाढीसाठी नव्याने अर्ज आणि शुल्क आले. शिवाय लंडनमध्ये जागा मिळाली, तर पगारातला मोठा वाटा घरभाड्यातच जाईल, हे धरूनच हिशेब मांडावा.