अक्काला विचारा : कादंबरीतला चहा आणि फ्रिजवरच्या गोळ्या

पत्र : अक्का, नमस्कार. मी परभणीची, वय 36. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे, दोन लेकरं, सासूबाई सोबत. उन्हाळ्यात लेकरं मामाकडं गेली अन् मी जी वाचायला बसले ती बसलेच. मोबाईलवर प्रेमकथांचे भाग आणि वाचनालयातून आत्मचरित्रं, दोन्ही एकदमच, त्यानं आता डोक्याचा पार भुगा झालाय. प्रेमकथेतला हिरो इतका माजोरडा की कानफटात द्यावी वाटते, ती नको म्हणली तरी रोज बस स्टँडपर्यंत मागं मागं जातो, तरी मी रात्री एकपर्यंत वाचते आणि ती तापानं फणफणलेली असताना तो चहा करून आणतो तिथं ढसाढसा रडले. उलट एका बाईचं आत्मचरित्र आमच्या भिशीतल्या सगळ्याजणी रडत वाचल्या, मला मात्र कंटाळा आला, अर्ध्यात ठेवलं. तसं बोलले तर म्हणल्या तुला काळीजच नाही. ‘स्मृतिचित्रे’ लई आवडलं. ‘आहे मनोहर तरी’ वाचताना आधी सुनीताबाईंचा राग आला, मग पुलंचा, मग कुणाचा तेच कळेना, आता गाडीत पुलंचं कथाकथन लागलं की मी खिडकीबाहेर बघत बसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिस्टरांवर उगीच चिडचिड व्हायलीय. माणूस वाईट नाही हो. मार्चमधे मला ताप होता तर गोळ्या आणून फ्रिजवर ठेवल्या, जाताना तसं सांगूनही गेले. मी खोट्याला रडते अन् खऱ्याला कंटाळते, मी दुटप्पी आहे का?
ता.क. सासूबाई रोज विचारायल्यात की एवढं काय वाचतेस. त्यांना काही वाचायला द्यावं का?
– गोंधळलेली

गोंधळलेल्या बाई,

दुटप्पी-बिटप्पी काही नाहीस तू. तुझे राग नुसते एकमेकांच्या घरात शिरलेत, पुस्तकावरचा राग नवऱ्यावर निघायलाय आणि नवऱ्यावरचा पुस्तकावर, तेवढे वेगळे करू म्हणजे झालं.

आधी भिशीचं घेते कारण तिथं तुला जे बोलल्या ते मला अजिबात पटलेलं नाही. एखाद्या बाईनं हाल सोसले म्हणजे तिचं पुस्तक आपोआप चांगलं होत नाही गं. सोसणं खरंच असतं, त्यावर कुणी काही बोलावं असं नाहीच, पण ते कागदावर उतरवणं हे वेगळं काम आहे आणि ते सगळ्यांना जमतं असं नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ बघ, 1978 सालचं. त्यात लिहिणारा माणूस स्वतःलाच समोर बसवतो, एक दगडू मारुती पवार आणि एक शिकलेला, नोकरी करणारा दया पवार, आणि दगडू सांगतो अन् दुसरा ऐकतो. ही बसवणूक लेखकानं विचार करून केलीय, जे घडलं ते आलं तसं ओतलेलं नाही, म्हणून ते आज इतक्या वर्षांनी हातात घेतलं तरी सोडवत नाही. तू ज्या पुस्तकाला कंटाळलीस (नाव तू लिहिलंयस, मी इथं देत नाही, त्या बाई हयात आहेत) त्यात दर दोन पानाला नवं संकट येतं पण त्या बाई त्या वेळी घरात काय करत होत्या, काय खात होत्या, कुणाशी काय बोलल्या, ह्यातलं काहीच दिसत नाही, मीही वाचलंय ते. मग वाचणाराचं मन कुठं टेकणार? कंटाळा येणारच.

पण एक विचारते, खरं सांग. नेमकं कुठल्या पानावर ठेवलंस? कारण कंटाळा दोन तऱ्हेचा असतो, एक लिखाण सपाट असतं म्हणून येणारा आणि एक आपल्याच घरातलं काहीतरी जवळ यायला लागलं की येणारा, आणि दुसरा बिलकुल पहिल्यासारखाच दिसतो. मला काही माहीत नाही तुझा कुठला ते. पान काढून बघ, समजेल. पहिला असेल तर पुस्तक परत देऊन ये आणि मनाला लावून घेऊ नको.

आत्मचरित्र म्हणजे शंभर टक्के खरं आणि कादंबरी म्हणजे शंभर टक्के खोटं असं जे तू धरून चाललीस ना, तिथंच सगळी गडबड आहे. बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ 1986 ला पुस्तक म्हणून आलं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं, सामान बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचत वाचत त्या वाचायला लागल्या आणि स्वतःचं लिहिलेलं त्यांनी नवऱ्यापासून लेकरापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. आता गंमत बघ, गंमत कसली म्हणा, नवरा मारायचा हे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं, पुस्तकात स्वतःच्या संसारातलं ते सांगितलेलंच नाही. पुस्तकात समाजाचं सांगितलं, बायकांच्या सासुरवासाचं सांगितलं, स्वतःचं मात्र झाकून ठेवलं. म्हणून काही ते पुस्तक खोटं ठरत नाही, त्या वेळी त्या बाईला जेवढं उघड करायचं होतं तेवढं तिनं केलं. तेव्हा आत्मचरित्र वाचताना आपण कुणाच्या घरात थेट खिडकीतून डोकावत नसतो, घरातल्या बाईनं जेवढं दार उघडलं तेवढंच दिसतं.

भिशीत आता काय बोलायचं ते सांगते. ‘मला बोअर झालं’ असं बोललीस ना, ते त्यांना ‘तिचं दुःख बोअर आहे’ असं ऐकू गेलं. पुढच्या वेळी पान दाखवून बोल, म्हणावं हे वाचताना मला ती बाई दिसतच नव्हती. तरी कुणी काळीज काढलंच तर चहा पी आणि घरी ये, भिशीचे पैसे बुडायला नकोत.

आता हिरो. तो बस स्टँडपर्यंत रोज मागं मागं जाणारा. बाईनं नको म्हणल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, आणि आधी भारतीय दंड संहितेत 2013 पासून होताच, तेव्हा तुला कानफटात द्यावी वाटली हे एकदम बरोबर, कायदासुद्धा तुझ्या बाजूनं आहे. ते आवडत नसताना वाचतेस कशी हा तुझा प्रश्न, त्याचं उत्तर सोपंय. ह्या कथांमधे शेवट गोड होणार हे पहिल्या भागातच ठरलेलं असतं, वाचणाऱ्यालाही माहीत असतं, त्यामुळं मधे कितीही राग आला तरी जिवाला घोर नसतो, बिनधास्त चिडता येतं. त्यात हे मोबाईलवरचे भाग बरोबर अशा ठिकाणी तोडतात की दार वाजलं आणि भाग संपला, मग रात्री एक वाजणार नाहीतर काय होणार. हे काही आजचं नाही बरं का. ना. सी. फडक्यांनी 1931 मधे ‘प्रतिभासाधन’ लिहिलं, कथा-कादंबरी कशी रचायची याचं अख्खं पुस्तकच ते, वाचकाला धरून ठेवणं हे तंत्र आहे हे त्यांनी उघड उघड मांडलं. आणि त्यांच्या कादंबऱ्या गादीखाली लपवून वाचणाऱ्या बायकांच्या नाती आता पांघरुणात मोबाईल धरून वाचायल्यात, एवढाच फरक. एकच कर, दार वाजलं की तिथं थांबू नको. पुढच्या भागाचे पहिले दोन परिच्छेद वाच, दारात बहुतेक दूधवाला नाहीतर हिरोची आत्या असते, आणि मग ठेव मोबाईल खाली. भागाच्या मधे थांबलं की झोप लागते.

सुनीताबाईंचं पुस्तक 1990 ला आलं तेव्हाही लोकांचं तुझ्यासारखंच झालं होतं. पुलं म्हणजे घराघरातला लाडका माणूस आणि त्याच्याच बायकोनं संसाराबद्दल एवढं मोकळं, कुठं कुठं कडवट लिहावं, लोकांना पेलेना. कुणी म्हणे घरातलं बाहेर कशाला काढायचं, कुणी म्हणे शाब्बास. मला विचारशील तर त्यात बाजू घेण्यासारखं काही नाहीच. त्यांचं लग्न 1946 चं, त्यानंतर सगळं आयुष्य दोघं सोबत राहिले, बोरकर आणि मर्ढेकरांच्या कवितांचे वाचनाचे कार्यक्रम दोघांनी मिळून केले. ज्या बाईनं तक्रार लिहिली तीच बाई त्याच माणसाशेजारी बसून कविता वाचत होती, आणि यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं असं नाही. तू गाडीत पुलं लागल्यावर हसलीस तर सुनीताबाईंशी काही गद्दारी होत नाही. आपल्याच गंगाखेडची जनाबाई बघ की, विठ्ठलाला एवढ्या शिव्या घातल्या आणि त्याच्याकडूनच दळणही दळून घेतलं. तिला कुणी दुटप्पी म्हणालं नाही.

आणि आता तू पत्रात एका ओळीत उरकून टाकलंस ते. मार्चमधला ताप.

तू लिहिलंस, गोळ्या आणून फ्रिजवर ठेवल्या, सांगूनही गेले. त्याच्या चारच ओळी वर तू लिहिलंयस की कादंबरीत तापाच्या वेळी हिरो चहा आणतो तिथं ढसाढसा रडलीस. बाई, तो हिरो तुला आवडतच नाही! त्याच्यासाठी रडायला तू काही सोळा वर्षांची नाहीस. तू रडलीस त्या चहासाठी. तुला आणून दिलेल्या गोळ्या पुरल्या नाहीत, कुणीतरी कपाळाला हात लावून बघावा, जवळ बसावं, लेकरांच्या डब्याचं मी बघतो म्हणावं, एवढंच हवं होतं, आणि ते तू तेव्हा मागितलं नाहीस, कारण माणूस वाईट नाही, दुकानात गर्दी आहे, उधारीवाले यायलेत, वगैरे. आता तीन महिन्यांनी त्या गोष्टीवरून भांडायचं तर लाज वाटते, म्हणून मग टॉवेल ओला का ठेवला यावरून आवाज चढतो. बरोबर का?

हा राग पुस्तकानं आणलेला नाही, तो मार्चपासून फ्रिजवर पडलाय. पुस्तकानं फक्त दाखवून दिलं. त्यामुळं वाचणं बंद करून तो काही जायचा नाही, उलट बंद केलंस तर वाचनाचाही राग त्यांच्यावरच काढशील.

करायचं काय ते सांगते. एक तर पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करून ‘हे वाचा जरा’ म्हणून त्यांच्या उशाशी ठेवू नको. लई बायका हे करतात आणि एकही नवरा ते वाचत नाही, वाचलं तरी त्याला वाटतं आपली तुलना कुण्या करोडपती बॉसशी चाललीय आणि तो आणखीच गप्प होतो. हिरोचं नावच काढू नको घरात. दुसरं, जूनमधे बोलू नको. पेरणीच्या तोंडावर बियाणं-खताच्या दुकानदाराशी मनातलं बोलायला जाणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, त्यांचं अर्धं लक्ष डीएपीच्या गाडीकडं असणार. पाऊस होऊन पेरण्या उरकल्या, दुकान जरा निवांत झालं, की रात्री जेवणानंतर सरळ सांग, ‘मार्चमधे मला ताप होता ना, तुम्ही गोळ्या आणल्या ते बरं केलं, पण मला वाटत होतं तुम्ही घडीभर जवळ बसावं.’ बास. एवढंच. त्याला ‘तुम्ही नेहमीच’ आणि ‘तुम्हाला कधीच’ हे शेपूट लावू नको, शेपूट लागलं की गडी बचावाला उभा राहतो आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. ते म्हणतील, ‘मग तेव्हाच म्हणायचं ना’. म्हणणारच, सगळे म्हणतात. तेव्हा म्हण, ‘हो, आता म्हणतेय.’ आणि गप्प बस.

त्यावर ते काय करतील ते मला इथं बसून सांगता येणार नाही. कदाचित पुढच्या वेळी खुर्ची ओढून बसतील आणि मोबाईलवर सोयाबीनचे भाव बघत बसतील. बसले तर बसू दे, बसलेत ना. पण सांगूनसुद्धा परत फ्रिजवर गोळ्याच आल्या, आणि त्याच्यापुढंही तेच, तर मला पुन्हा लिही, ते प्रकरण मग पुस्तकांचं राहत नाही आणि त्याला मी वेगळं उत्तर देईन.

सासूबाईंना द्यायचं तर ‘स्मृतिचित्रे’च दे, दुसरं काही शोधू नको. लक्ष्मीबाई टिळकांचं, 1934 पासून भागाभागानं आलेलं. नवरा 1895 ला ख्रिस्ती झाला, बाई कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या, मग 1900 मधे त्यांनी स्वतःही तो धर्म घेतला, एवढं सगळं आयुष्य उलटंपालटं झालेलं आणि तरी वडिलांचं ते टोकाचं सोवळं आणि टिळकांचा तो हातात पैसा न टिकू देण्याचा स्वभाव असा काही रंगवलाय की शाळेत जास्त न शिकलेल्या बाईनं हे लिहिलं यावर विश्वास बसत नाही. सासूबाईंची नजर कमी असेल तर दुपारी भाकरी-भाजी आवरल्यावर तूच मोठ्यानं वाचून दाखव. सोवळ्याचं आधी वाच. धर्मांतराचं आलं की त्या दोन-चार शब्द बोलतील, बोलू दे, तुलाही बोलायचं असेल तर बोल, पण पुस्तक मिटून ठेवू नको, कारण पुढं काय झालं ते त्यांनाच आधी ऐकायचं असणार.

वाचनालयाची मुदत संपत आली असेल तर वाढवून घे.

– अक्का