रोझमेरीचे शेंडे काळे पडले? थंडीवर ढकलण्याआधी मूळ उकरून पाहा

काटोलकडून एका दादाचा फोटो आलाय, रोझमेरीचे शेंडे काळे, खाली लिहिलंय "साहेब थंडीनं अर्धा एकर गेला, उपटून टाकू का". चिखलदऱ्याच्या एका भाऊनं विचारलंय की लव्हेंडरवर पहाटे पांढरं पांढरं दिसून राहिलं, काय झाकावं. नागपुरातल्या मनीषनगरच्या ताईंच्या गच्चीवरच्या कुंड्याही आहेत. तिघांचं एकत्रच सांगतो, पीक एकाच गावचं आहे म्हणा ना, भूमध्य समुद्राच्या काठचं.

दादा, तुमचं आधी. उपटू नका, थांबा. पक्कं झालेलं रोझमेरीचं झाड उणे ५-६ डिग्रीपर्यंत सहज निभावून नेते. नागपूरचा पारा २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ वर आला होता, सगळे शेकोटीला बसले होते, पण तोही शून्याच्या वरच ना. आता तुम्ही म्हणाल की वावरात त्याहून जास्त थंड असते, तर ते खरं आहे, कारण हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटर वर पेटीत असतो आणि आभाळ निरभ्र, वारा बंद अशा रात्री खाली गवताच्या पातळीला ३-४ डिग्री कमी भरू शकते, त्यात तुमचं वावर खोलगट असलं तर थंड हवा पाण्यासारखी उतरून तिथंच साचते. पण एवढं धरूनही पक्की रोझमेरी मरत नाही. कोवळे शेंडे करपतील, तेही दिवाळीनंतर युरिया टाकला असेल तर. टाकला होता का? खरं सांगा.

माझा संशय वेगळाच आहे. या झाडांचं पंचांग आपल्या उलटं. त्यांच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात अन् उन्हाळा कोरडा, आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो हजारेक मिलिमीटर पडते आणि काळ्या मातीत ते पाणी किती दिवस मुरत बसते हे तुम्हाला मी काय सांगू. मुळं तेव्हाच सडायला लागतात, झाड कसंबसं उभं राहते आणि डिसेंबरात थंडी पडली की ढेपाळते, मग नाव थंडीचं. संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो तो डिंक्या रोग पाहिलाय ना तुम्ही? त्याच जातीची बुरशी याची मुळं पण खाते. ओळखायला सोपं आहे, थंडीचा फटका एका रात्रीत सगळ्या ओळीला बसतो, आधी शेंडे, आणि खोलगट बाजूला जास्त. मूळसड मात्र एक इथं एक तिथं अशी झाडं घेते, झाड आधी राखाडी पडते, आणि मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून येते, आत तपकिरी. तसं असेल तर ते झाड उपटा, बाकीच्यांचं ड्रिप कमी करा आणि पुढच्या लागवडीला फूटभर उंच वरंबा, त्यात मुरूम मिसळून. भारी जमिनीत सपाट लावायचा विचारच करू नका, धुऱ्याकडची भरडी जागा निवडा.

चिखलदऱ्याच्या भाऊचं प्रकरण खरं थंडीचं आहे. अकराशे मीटर उंचीवर दहिवर गोठते, नवल नाही. दुपारी, संध्याकाळी नव्हे, हलकं पाणी द्या, ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते अन् रात्री सोडते, पण तुडुंब भरू नका, नाहीतर वर सांगितलेली कथा तुमच्याकडे सुरू. रात्री बांबूच्या कमच्या वाकवून वरून जुनं लुगडं किंवा पोतं टाका, कापड जमिनीला टेकलं पाहिजे कारण ऊब खालून येते, वरून नाही. प्लास्टिक पानाला लागू देऊ नका. नोकरीच्या सुरुवातीला मीच एकाला प्लास्टिक अंथरायला सांगितलं होतं, जिथं जिथं टेकलं तिथं तिथं पान जळलं, अजून आठवलं की कसंतरी होते. सकाळी ऊन आलं की झाकण काढा. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) पेटवून धूर करून राहिले असाल तर त्यावर फार विसंबू नका, धूर जमिनीची ऊब अडवायला फार कामाचा नाही, डोळे मात्र चुरचुरतात.

करपलेले शेंडे आत्ता छाटू नका बरं का. तेच खालच्या कळ्यांचं पांघरूण आहेत. शिमगा होऊ द्या, मग हिरव्या पानाच्या वर छाटा, जुन्या उघड्या लाकडात कात्री घातली तर लव्हेंडर तिथून परत फुटतच नाही. आणि जम्मूकडच्या भद्रवाहचे जांभळ्या शेतांचे व्हिडिओ पाहून इंग्लिश लव्हेंडर मागवलं असेल तर ते झाड बर्फाखाली झोपणारं आहे, उणे १५ ला पण मरत नाही, पण नागपूरच्या मे महिन्यात मरते. सपाट प्रदेशात पानाला करवतीसारखे दाते असलेलं लव्हेंडर लावून पाहा, त्याला ऊन चालते, थंडी मात्र उणे ५ च्या आसपास झोंबते.

ताई, तुमच्या गच्चीवर खुल्या आभाळाखाली कुंडीचं मूळ चारी बाजूंनी गार पडते, म्हणून कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला चिकटवून एकत्र ठेवा, भिंत रात्रभर ऊब सोडते. खालची बशी काढून टाका. पाणी बोट घालून माती कोरडी लागली तरच. आणि तुमची ती कण्हेर, तिला काही करू नका, तीही त्याच भूमध्य पट्ट्यातली आहे, आपल्या रस्त्याच्या डिव्हायडरवर धूर खात मजेत उभी असते, फक्त तिची छाटलेली पानं शेजारच्या बकरीपुढे टाकू नका, विषारी असते.

दादा, मुळाचा फोटो पाठवा. शेंड्याचा नको, तो पाहिला.