१९७७ सालचा ‘वॉव’ संकेत परग्रहावरील बुद्धिमान जीवांनी पाठवला होता का?

तसे ठामपणे म्हणता येत नाही. १५ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ‘बिग इअर’ रेडिओ दुर्बिणीने धनू राशीच्या दिशेने आलेला, हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झ या नैसर्गिक वारंवारतेजवळचा एक प्रबळ संकेत ७२ सेकंद टिपला आणि पुढे छापील नोंदी तपासताना खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी त्याशेजारी ‘वॉव’ असे लिहिले. (७२ सेकंद हा संकेताचा कालावधी नव्हे, पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातील कोणताही बिंदू त्या दुर्बिणीसमोर तेवढाच वेळ राहत असे.) दुर्बिणीला संकेत टिपणारे दोन ग्राहक (रिसीव्हर) होते, काही मिनिटांच्या अंतराने दोन्हींत दिसायला हवा असलेला हा संकेत एकातच आढळला आणि अनेकदा शोधूनही पुन्हा सापडला नाही. अशा एकाकी नोंदीला मी तरी पुरावा मानणार नाही.