मुंबईत बर्फ पडत नाही, मग डिझेल पिकअपमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी चालेल का? आणि कूलंट खराब झालंय हे घरच्या घरी कसं तपासायचं?

तुमच्या २०२१ च्या गाडीबद्दलच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. गॅरेजवाला म्हणतो पाणी भरा. टाकीतलं हिरवं कूलंट आता फिकट दिसतंय. आणि अमेरिकन पिकअपवाले व्हिडिओत नायट्राइटची (कूलंटमधल्या एका गंजरोधकाची) पट्टी बुडवून दाखवतात तशी तुम्हीही घ्यावी का. मी मालवाहू पिकअपच्या देखभालीचं काम बघतो. गाड्या बहुतेक वडाळा, भिवंडी, वाशी अशा फिरतात आणि अधूनमधून कसारा घाट चढून नाशिकला जातात. तेव्हा सांगतो.

पाणी भरू नका. पण गॅरेजवाल्याला वेड्यात काढण्याआधी एक कबूल करायला हवं: उष्णता वाहून न्यायला साधं पाणी हे ग्लायकोलच्या, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनाच्या, मिश्रणापेक्षा सरस असतं. उकळण्यातला फरकही लोक सांगतात तितका मोठा नाही. निम्मं ग्लायकोल, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७–१०८ अंशांना उकळतं, साधं पाणी १०० ला. रेडिएटरचं झाकण साधारण १ बार दाब धरत असेल तर हेच आकडे अंदाजे १२९ आणि १२० होतात. म्हणजे झाकण धड असेल तर नुसत्या पाण्यावरही गाडी मुंबईत आज, उद्या, सहा महिने चालेल. गॅरेजवाल्याचा अनुभव खोटा नाही, तो जुन्या इंजिनांवरचा आहे.

२०२१ ची गाडी म्हणजे बीएस ६ प्रदूषण नियमांची. १ एप्रिल २०२० नंतरच्या या डिझेल इंजिनांत कूलंट फक्त सिलिंडरभोवती फिरत नाही. ते ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्ट गार करणारा भाग) जातं, ऑइल कूलरमधून जातं, बऱ्याच गाड्यांत टर्बोच्या मधल्या भागातूनही जातं. ईजीआर कूलरमध्ये पातळ पत्र्याच्या एका बाजूला काहीशे अंशांचा एक्झॉस्ट आणि दुसऱ्या बाजूला कूलंट असतं. तिथे क्षार बसले किंवा गंज चढला की उष्णता निघत नाही, त्याच जागी उकळी फुटते आणि पत्रा तडकतो. हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बहुधा बिडाचा, मध्ये सोल्डर आणि ब्रेझिंग. इतके धातू एकाच पाण्यात बुडवून ठेवायचे तर गंजरोधक रसायनं लागतातच. आपल्याकडे कूलंट त्यासाठी हवं. गोठण्याची काळजी मनालीवाल्यांनी करावी.

अमेरिकेतले पिकअपवाले कूलंटच्या मागे एवढे का लागतात, त्याचंही कारण आहे. फोर्डच्या ६.० लिटर पॉवरस्ट्रोक डिझेलमध्ये ऑइल कूलरच्या बारीक वाटा गाळाने तुंबायच्या, त्याच्या पुढच्या ईजीआर कूलरला कूलंट कमी पडायचं आणि तो फुटायचा. त्या पिढीने हा धडा खिशातून पैसे मोजून घेतला.

आता रंग. हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी यांना कुठलंही सार्वत्रिक प्रमाण नाही. कंपनी तिला हवा तो रंग घालते. फिकट झालं म्हणजे कोणीतरी वरून पाणी ओतत आलंय, एवढाच अंदाज बांधता येतो. तपकिरी, गढूळ किंवा तेलकट तवंग असलेलं दिसलं तर मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवा.

ग्लायकोल किती टक्के उरलंय हे बघायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. हायड्रोमीटर, म्हणजे तो रंगीत गोळ्या किंवा काटा तरंगणारा फुगा, स्वस्त असतो पण तापमानाप्रमाणे फसवतो. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणा, मग थंड इंजिनातल्या कूलंटचा थेंब टाकून उजेडाकडे धरून बघा. आतल्या मोजपट्टीवर गोठणबिंदू असतो. एथिलीन ग्लायकोलच्या रकान्यात उणे ३७ म्हणजे सुमारे ५० टक्के. मुंबईत बसून उणे ३७ वाचताना हसू येतं, पण तो आकडा टक्केवारी समजण्यापुरता वापरायचा. मॅन्युअलमध्ये जे प्रमाण दिलंय, बहुधा ३३ ते ५० टक्क्यांच्या मध्ये, त्याच्याशी ताडून बघा. याच यंत्राने नवा कॅनही तपासा. बाजारात ‘रेडी टू यूज’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मालात काही निव्वळ रंगीत पाणी निघतं आणि रेघ शून्याच्या आसपासच राहते. मी तर कॅन उघडला की आधी थेंब काचेवर टाकतो, मग पुढचं.

ग्लायकोल पुरेसं आहे म्हणून गंजरोधक शिल्लक आहेत असं मात्र नाही, आणि रिफ्रॅक्टोमीटरला ते दिसतही नाहीत. ग्लायकोल उष्णतेने आणि हवेने हळूहळू आम्लात बदलतं, त्यामुळे पीएच खाली येतो. नवं ऑरगॅनिक ॲसिडवालं, म्हणजे ओएटी कूलंट साधारण ८ ते ९ च्या दरम्यान असतं. जुन्या धाटणीचं सिलिकेटवालं त्याहून वर. ७ च्या जवळ आलं की बदलायच्या तयारीला लागा. पट्टी घ्यायची तर कूलंटसाठीचीच घ्या. मत्स्यालयाची पट्टी यासाठी नाही.

आणि तुमची नायट्राइटची पट्टी? नायट्राइट लागतं ते मुख्यतः मोठ्या ट्रकच्या ओल्या लायनरवाल्या इंजिनांना, म्हणजे ज्यांत सिलिंडरची वेगळी नळी बसवलेली असते आणि तिला बाहेरून थेट कूलंट लागतं. तिथे लायनर थरथरतो, बाहेरच्या बाजूला बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पोलादाला टाचणीएवढी भोकं पडत जातात. नायट्राइट त्यावर थर धरतं. आजच्या बहुतेक पिकअपच्या ब्लॉकमध्ये असे लायनर नसतात आणि नायट्राइट ॲल्युमिनियमला फारसं मानवत नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये नायट्राइटचा उल्लेख नसेल तर पट्टीवर ‘शून्य’ येणं हे बरोबरच उत्तर आहे. ते बघून घाबरून ॲडिटिव्हची बाटली ओतणाऱ्यांनी जेल झालेले रेडिएटर आणि गळके वॉटर पंप विकत घेतले आहेत.

मल्टिमीटर असेल तर आणखी एक सोपी चाचणी. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तारेचं टोक कूलंटमध्ये बुडवायचं, धातूला न टेकवता. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर लक्ष द्या. हेडलाइट, ब्लोअर लावल्यावर आकडा उडी मारत असेल तर कुठेतरी अर्थिंग सैल किंवा गंजलेलं आहे. आपल्या खाऱ्या हवेत हे नेहमीचंच.

पाण्याबद्दल. महापालिकेचं भातसा-तानसा-वैतरणेचं पाणी तसं मऊ असतं, पण त्यात क्लोरीन असतं आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खातं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर नकोच, किनाऱ्याजवळ ते खारट निघतं. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्डच की’ म्हणून भरणारे महाभाग मी पाहिलेत; त्यात कॉइलवरची धूळ आणि तांबं असतं. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणा. रस्त्यात पातळी कमी झाली तर अनोळखी रंगाच्या कूलंटपेक्षा तेच घाला. वेगवेगळ्या जातीची कूलंटं मिसळली की गंजरोधकांचं आयुष्य घटतं, काही वेळा गाळही धरतो.

पातळी सारखी उतरतेय आणि खाली थेंब नाही, हे सगळ्यात गंभीर. आधी झाकण बघा. कुकरच्या शिट्टीचं वजन हलकं झालं तर जे होईल तेच ढिल्या स्प्रिंगने होतं, आणि ते घाटात कळतं. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चेपलेला दिसला तर झाकणातला व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह अडकलाय. झाकण ठीक असेल तर ईजीआर कूलर किंवा हेड गॅस्केट. मुंबईच्या सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येत राहायला दुसरं कारण सहसा नसतं. गॅरेजात निळ्या द्रावणाची गॅस चाचणी (कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस शिरतोय का ते दाखवणारी) करून घ्या, पण मेकॅनिकला आठवण द्या: पेट्रोल गाडीत द्रावण पिवळं होतं, डिझेलमध्ये जादा हवेमुळे नुसतं हिरवट होऊन थांबू शकतं. हिरवट झालं तरी गळती आहे असंच समजायचं. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, हे मी सांगायला नको.

बदलताना एक हिशेब हमखास चुकतो. समजा एकूण ८ लिटर मावतं. डिस्टिल्ड वॉटरने फ्लश करून निचरा केला तर ५ लिटर बाहेर येईल, ३ लिटर पाणी ब्लॉकमध्ये राहील. आता ५० टक्क्यांचं तयार कूलंट भरलंत तर गाडीत होईल ३१ टक्के. त्याऐवजी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि १ लिटर डिस्टिल्ड वॉटर घाला. हवा काढताना केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवा. मुंबईत तो कधीच लागत नाही, म्हणून हीटरच्या नळ्यांतलं जुनं कूलंट आणि हवा तिथेच बसून राहते. आणि ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, थंड चालेल’ असं कोणी म्हणालं तर हात जोडा. इंजिन तापमानाला आलंच नाही तर डीपीएफची, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई धड सुरूच होत नाही. तो फिल्टर तुंबल्यावरचा खर्च कूलंटच्या कित्येक पट आहे.

मुदत मॅन्युअलप्रमाणे, ढोबळमानाने जुन्या धाटणीचं दोन वर्षं, ओएटी पाचच्या आसपास. तुमच्या गाडीत आधीच कोणी काय काय ओतलंय याचा पत्ता नसल्याने मी तर एकदा सगळं काढून, फ्लश करून, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जातीचंच भरून घेईन आणि तारीख टाकीवर मार्करने लिहीन. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, उघड्या डब्यात तर मुळीच ठेवू नका. ते गोड लागतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. बंद कॅनमध्ये भरून, जिथे जुनं ऑइल गोळा करतात अशा गॅरेजात विचारून द्या.